परत केलेली किल्ली

फोन वाजला तेव्हा यू-चू रताळ्याचा पाला निवडत बसली होती. बाहेर कीलुंग बंदरातली नेहमीची पावसाची झिरझिर चालू होती. इस्पितळातली नर्स बोलत होती.

"काओ आजोबांना उद्या सोडतोय. आता औषधांचा उपयोग नाही. थोडेच दिवस उरलेत. त्यांनी तुमचा नंबर दिलाय."

"अहो, मी त्यांची कुणी नाही," यू-चू घाईघाईने म्हणाली. "मी नुसती घरमालकीण."

"त्यांना दुसरं कुणीच नाही, बाई."

यू-चूने फोन ठेवला आणि पुन्हा पाला पुढे ओढला, पण हात चालेना.

इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन जागा तिच्या मालकीच्या होत्या. एकीत ती राहायची. दुसरी तिने आणि नवऱ्याने मासळीबाजारात उभी हयात घालवून घेतली होती. नवरा गेल्यावर त्या जागेच्या भाड्यावरच तिची चूल पेटत होती. आता सुनेला दिवस गेले होते, मुलाला स्वतःचं घर हवं होतं, म्हणून समोरची जागा विकायची ठरली होती. गिऱ्हाईकही मिळालं होतं. त्या जागेत काओदादा राहत होते. जहाजावर स्वयंपाकी म्हणून जन्म काढलेला, ना बायको ना पोर असा सडा माणूस.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला भाड्याने जागा मिळणं म्हणजे कोंबड्याला दात येणं. घरमालक आधी गोड हसतो, मग वय विचारतो, आणि वय ऐकलं की जागा कालच गेलेली असते. भीती एकच, म्हातारा आत मेला तर? म्हातारपणाने आलेल्या मरणाने घराला बट्टा लागत नाही, असं कायदा सांगतो. पण गिऱ्हाईक कायद्याला विचारायला जात नाही, ते शेजाऱ्यांना विचारतं. काओदादा सगळं बंदर पालथं घालून शेवटी यू-चूच्या दारात आले, तेव्हा तिनेही स्पष्ट बजावलं होतं, "घरात काही भलतंसलतं व्हायला नको."

काओदादा खो खो हसले होते. "मालकीणबाई, मरेन, पण तुमच्या घरात मरणार नाही. दिला शब्द!"

पुढे त्याची दोघांत थट्टाच झाली. काओदादा माशाचं कालवण घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "जिवंत आहे हो अजून! भाडं चालू ठेवा." यू-चूही हसायची.

संध्याकाळी वेई-शिन, तिचा मुलगा, बातमी ऐकून सरळ कुलूपवाल्यालाच घेऊन आला.

"आई, चुकूनही हो म्हणू नकोस. आठवड्यात विक्रीच्या सह्या आहेत."

"अरे, जाणार कुठे ते?"

"सरकार आहे, संस्था आहेत. आपण काय धर्मशाळा उघडलीय? उद्या तिथे काही झालं तर ती जागा कोण घेईल? तुझ्या नातवाला मी कुठे ठेवू, सांग ना!"

तो दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. यू-चू दाराशी उभी राहून समोरच्या जागेचं कुलूप बदलताना बघत राहिली. नवी किल्ली वेई-शिनने खिशात टाकली. आई विरघळेल हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं, तशी यू-चू पिशव्या घेऊन खाली उतरली. दुकानांपुढच्या ओसरीत, बंद शटरला टेकून, काओदादा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. मनगटाला इस्पितळाची पट्टी तशीच. अंगावर नुसती हाडं उरली होती.

"घाबरू नका, वर येत नाही," ते धापा टाकत म्हणाले. "शब्द दिलाय ना. किल्ली तेवढी परत द्यायची राहिली होती. कुणाची वस्तू घेऊन जाऊ नये माणसाने."

त्यांनी तिच्या तळहातावर किल्ली ठेवली. ती आता कुठल्याच कुलपाला लागत नव्हती. यू-चूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता कुठे जाणार?"

"स्टेशनात. तिथले बाक रुंद आहेत."

समोर कचऱ्याची गाडी आली आणि गेली. यू-चूच्या पिशव्या तशाच पडून राहिल्या. तिला नवऱ्याचा शेवटचा दिवस आठवला. श्वास अडकला होता, तरी इस्पितळातून गाडी करून घरी आणला होता त्याला. एवढे जिने चौघांनी उचलून चढवला, कारण माणसाने शेवटचा श्वास घरात सोडावा. उंबऱ्यात वेई-शिन रडत म्हणाला होता, "बाबा, घरी आलो बरं का." आपलं माणूस घरात मेलं तर पुण्य, भाडेकरू मेला तर बट्टा! हे कुठल्या देवाने सांगितलं होतं?

"उठा, काओदादा."

"अहो, नको..."

"उठा म्हणते ना!"

तिने त्यांचा हात खांद्यावर घेतला. पहिल्या मजल्यावरच्या त्साईबाई दार उघडून कडाडल्या. "यू-चू, डोकं फिरलं का तुझं? अख्ख्या इमारतीचा भाव पडेल!"

"तुझ्या सासूला शेवटच्या घटकेला याच जिन्याने वर आणलीस, तेव्हा नाही पडला?"

"ती घरची होती!"

"हेही इथेच राहतात."

दोघं एकेक पायरी चढत राहिली. शेवटचा जिना उरला असताना काओदादा खाली बसले. ओठ निळे पडले होते.

"इथेच राहू द्या मला. जिना कुणाच्याच मालकीचा नसतो. तुमच्या घराला काही..."

वाक्य अर्धंच राहिलं. यू-चूने हाका मारल्या, गालाला हात लावला. ते गेले होते.

परक्याचं प्रेत घरात घेऊ नये म्हणतात. समोरच्या दाराची किल्ली तिच्याकडे नव्हती. तिने काखेत हात घालून, रडत रडत, त्यांना उरलेल्या पायऱ्यांवरून ओढत आपल्याच दारात आणलं. उंबऱ्यात ती थांबली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "काओदादा, घरी आलो बरं का." मग नवऱ्याला जिथे निजवलं होतं, त्याच जागी त्यांना निजवलं.

वेई-शिन धावत आला. त्साईबाईंनी त्याला सगळं सांगितलं होतं. "आई, जिन्यातच गेले ना ते? तसंच सांगू या. आपल्या जागेला काही बट्टा लागत नाही मग."

"माझ्या घरात गेले."

"आई, पाया पडतो तुझ्या..."

"शिन, उद्या मी एकटी उरले, कुणाची भाडेकरू झाले, तर मला कुठल्या जिन्यात ठेवशील?"

तो लहान पोरासारखा रडला. यू-चूने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण शब्द बदलला नाही. विचारील त्याला तिने तेच सांगितलं. समोरच्याच दारात मरण झालंय म्हटल्यावर गिऱ्हाईक फिरलं. सून महिनाभर बोलली नाही.

आता तुमच्याआमच्या ओसरीच्या खांबांवर जागेच्या जाहिरातींचे लाल कागद असतातच. त्यांत यू-चूचाही एक असतो. शेजारी तो फाडतात, ती पुन्हा चिकटवते. वाकड्या अक्षरांत त्यावर लिहिलेलं असतं: वरच्या मजल्यावर जागा भाड्याने देणे आहे. म्हातारी माणसं चालतील. शेवटपर्यंत राहता येईल.