संत निकोलाच्या दिवशी ब्रेक

एकोणीस डिसेंबरला, संत निकोलाच्या दिवशी, अर्धा सर्बिया पाहुण्यांची वाट बघत बसतो आणि उरलेला अर्धा पाहुणा होऊन निघतो. काम कोणी करत नाही. आमच्या गावचा मेकॅनिक ल्युबिसाव तर आपल्या कुळाच्या संतासाठी, म्हणजे याच निकोलासाठी, तीन दिवस शटर उघडत नाही. चौथ्या दिवशी उघडतो, पण डोळे उघडत नाही.

शेजारच्या विदोसावाच्या गाडीने लोखंड खरवडल्यासारखा आवाज काढायला नेमका हाच दिवस निवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिला बहिणीला, क्रिस्टिनाला, डायलिसिससाठी खाली शहरात न्यायचं होतं. डायलिसिसची वेळ चुकवता येत नाही. गावातून उतरणारा रस्ता सगळा वळणांचा, आणि एका बाजूला दरी.

मी आणि माझा मित्र रादिसाव वाइनची बाटली घेऊन मेजवानीला निघालो होतो. वाटेत, तिच्या अंगणात, विदोसावा नवऱ्याचा, मिलोरादचा, जुना कोट घालून उकिडवी बसलेली. मागच्या चाकांना दगड लावलेले, पुढच्या चाकाचे नट सैल केलेले, जॅक चढवलेला.

"विदावहिनी, हे काय चाललंय?" रादिसावने विचारलं.

"ब्रेकचे पॅड बदलतेय. मिलोरादने नवा संच डिकीत ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी गेला, बदलायचं राहून गेलं."

"ल्युबिसावला सांगा ना."

"फोन केला होता. संत निकोलाला सांगा म्हणाला."

रादिसावला खाली वाकून मदत करायची फार इच्छा होती, पण पँटला इस्त्री होती. म्हणून त्याने उभ्यानेच सल्ले सुरू केले. विदोसावाने चाक काढलं, खालचा बोल्ट सोडून कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, वर उचलला आणि तेलाच्या नळीवर ताण नको म्हणून तारेने बांधून ठेवला. जुने पॅड कागदाएवढे झिजले होते. तिने डिस्कवरून बोट फिरवलं, खोल चरे नाहीत हे बघितलं.

"दुसरं चाक आत्ताच काढून ठेवा, वेळ वाचेल," रादिसाव म्हणाला.

"नको. विसरले तर नमुना म्हणून ते बघता येईल."

बाहेर आलेला पिस्टन आत ढकलल्याशिवाय नवे जाड पॅड बसत नाहीत. तिने जुना पॅड पिस्टनवर आडवा धरला, क्लॅम्प लावला आणि पिळायला लागली. पिस्टन हलला. त्याचबरोबर बॉनेटखालून टपटप ऐकू आलं. ब्रेकच्या तेलाची डबी भरून वाहत होती.

"हे कोणी काठोकाठ भरलं?"

रादिसावने टाय सरळ केला. "मीच. गेल्या महिन्यात लाल दिवा लागला होता ना? तेल ओतलं, विझला."

"भावोजी, तो दिवा पॅड झिजले म्हणून सांगत होता. पॅड झिजले की तेल खाली जातं. तुम्ही गाडीची तक्रार मिटवली, गाडी नाही."

रादिसाव तीस वर्षं नगरपालिकेत होता. त्याला यात चूक नेमकी कुठे झाली ते कळेना.

विदोसावा निवृत्त नर्स. तिने घरातून मोठी सिरिंज आणली, डबीतलं तेल खुणेपर्यंत ओढून काढलं. सांडलेलं तेल गाडीचा रंग खातं, म्हणून सांडलं तिथे पाणी ओतून धुतलं. मग पुन्हा क्लॅम्प. रादिसाव दोनदा म्हणाला की सूप थंड होईल, पण गेला नाही. तिसऱ्यांदा तिने त्याच्या हातात कॅलिपर दिला. "धरा. हलवू नका."

त्याने धरला. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत चिखलात गेली.

नवे पॅड बसले. मग दुसरं चाकही तसंच झालं. नट घट्ट केले, जॅक काढला, नट पुन्हा आवळले. विदोसावा गाडीत बसली आणि तिने ब्रेक दाबला. पेडल सरळ तळाला गेलं.

"गेलं सगळं," रादिसाव हळूच म्हणाला.

"गेलं नाही. पिस्टन अजून पॅडला टेकलेला नाही." ती दाबत राहिली. पाचव्या खेपेला पेडल टणक झालं. तिने डबीतलं तेल पुन्हा खुणेशी ताडून पाहिलं.

"एक फेरी मारते. कोण येतंय?"

रादिसावला तेवढ्यात सूप आठवलं. मी बाटली त्याच्याकडे दिली आणि शेजारी बसलो, कारण नाही म्हणायला मला काही सुचलं नाही.

सपाट रस्त्यावर तिने चार-पाच वेळा हळू थांबून बघितलं. मग उतार लागला. पहिल्या वळणाआधी तिने ब्रेक दाबला. गाडी आवाज न करता, जागच्या जागी थांबली. मला वाटलं, आता परत.

"झालं की," मी म्हणालो.

"अजून खालपर्यंत जायचंय," ती म्हणाली. "उद्या इथे क्रिस्टिना बसणार आहे."

आणि तिने गिअर टाकला.