आमच्या राईत काय नाय

साहेब जीपमदून उतरला त्याच्या आदीच वाडीने ठरवलेलं. काय पण विचारलं तरी 'नाय' बोलायचं.

डोंगरापल्याडच्या लोकांनी असंच एका साहेबाला बिबळ्या, भेकर सगळं हौसेनं दाखवलेलं. मग तिकडं अभयारण्य झालं, नि आता त्यांना सरपणाला पण जाता येत नाय.

साहेबाने चित्रांचं पुस्तक उघडलं. "मंगळू, हा बिबळ्या दिसतो का इकडे?"

"नाय," माझा बा बोलला.

"शेकरू?"

"ते काय असतं?" ठकीकाकी बोलली. सकाळीच तिने शेकरूला शिव्या घालून आंब्यावरनं हाकललेलं. मी तोंड फिरवून हसले.

पण माझी नजर साहेबावर. खोटं ऐकलं की माणूस चिडतो. आमचे मास्तर तर छडीच घ्यायचे. हा प्रत्येक 'नाय'ला खुश होत होता.

"म्हणजे विशेष काही नाही. छान," तो बोलला.

छान कशाला?

त्याच्यासंगती जीपमदून अजून एक माणूस उतरलेला, तो कुठं दिसंना. मी सटकले. तो राईच्या वरच्या कातळावर लाल रंगाने रेघ मारत होता.

"ही कसली ओ?"

"पाणी इथवर येणार."

शेणव्याच्या बाजारात धरण होणार असं ऐकलेलं. मी खाली बघितलं. गावदेवाची राई रेघेच्या खाली. आमची घरं पण खाली.

धावत आले. "बा, हे धरणवाले हायत. राईत काय नाय बोललो तर बुडवायला मोकळे."

"दिपाली, गप," पंढरीकाका बोलला. "हाय बोललीस तर जंगलवाले हाकलतील."

"हाकलाय आले तर भांडू. पाण्यासंगं कसा भांडशील? साहेब, चला, शेकरूचं घरटं दाखवते."

"रोल संपला ग बाळा. फोटोशिवाय अहवालात लिहिता येत नाही."

"मग पिशवीत त्या काळ्या डब्या कसल्या? रोलच्या नायत तर तपकिरीच्या?"

साहेब जीपकडे वळला. तवा बा उठला नि जीपच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"पोरगी खोटं नाय बोलत. मी बोललो. बिबळ्या बसतो ती कपार पण दाखवतो. चला."

पंढरीकाका थुंकला. ठकीकाकीने वाट तोडायला कोयता उचलला.

साहेब निघाला खरा, पण सारखा मागं वळून जीप बघत होता. मी त्याच्या पाठीच लागून चालले. बा पुढं होता, तरी साहेबाला मोकळा सोडायचा नव्हता.