दवाखाने, अठ्ठेचाळीस

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुद्रितशोधकाने आईच्या गोळ्यांची डबी उघडली. डबीला वारांप्रमाणे सात कप्पे होते. मंगळवारच्या कप्प्यात अर्धी पिवळी गोळी होती. रक्तदाबाची पांढरी नव्हती. कोपऱ्यावरचा सरकारी दवाखाना आता आठवड्यातून तीनच दिवस उघडत असे आणि मंगळवार त्या तिनांत नव्हता.

"येताना दुकानातून आणतो," तो म्हणाला.

"दुकानातली महाग. वर तुझ्या वहिनीकडे असेल एखादी. माग की."

"तू जेवायला जाशील तेव्हा माग."

"चौदा पायऱ्या आहेत रे. तुला काय त्या चावतात?"

त्याने चहाचे कप विसळले. पाच वर्षांपूर्वी निवडणुकीच्या आदल्या दिवशी, याच टेबलापाशी, तो आणि त्याचा थोरला भाऊ सरकारने खर्च करावा की हात आखडता घ्यावा यावरून भांडले होते. 'तुझे उधळे देश बुडवतील,' असे दादा म्हणाला आणि 'तुझे कंजूष माणसं मारतील,' असे हा म्हणाला. निवडून उधळे आले. दादाने वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडली आणि त्यानंतर दोघांत एक शब्द झाला नव्हता. आई दुपारी वर जेवे, रात्री खाली. दादाला काही बोलायचे असले की तो जिन्यात उभा राहून वहिनीला सांगे, पण आवाज खालपर्यंत पोहोचेल एवढा मोठा.

त्या सकाळीही तो पायताण शोधत ओरडला, "अगं, विचार त्यांना! उधळ्यांच्या राज्यात दवाखान्याचे दिवसही उधळले का म्हणावं!"

मुद्रितशोधक दार ओढून बाहेर पडला. टोमणा झोंबला तो त्यात तथ्य होते म्हणून.

छापखान्यात निवडणुकीचे दिवस म्हणजे हातघाईचे दिवस. शहरात एवढे मोठे यंत्र दुसरे नव्हते, त्यामुळे दोन्ही पक्षांचे जाहीरनामे इथेच छापले जात. मालकांनी दोन कपाटे केली होती, दोन किल्ल्या केल्या होत्या, आणि एका पक्षाचा माणूस जिना उतरल्याशिवाय दुसऱ्याला ते चढू देत नसत. आतली गोष्ट बाहेर जायची नाही, ही इथली पहिली शिस्त. दुसरी शिस्त मुद्रितशोधकाची स्वतःची होती. छापून झालेला मजकूर डोक्यातून धुऊन टाकायचा, नाहीतर उद्याच्या मजकुरात कालचे दिसू लागते.

त्याच्यासमोर वाचक बाई बसत. त्या मूळ प्रत मोठ्याने वाचत आणि तो मुद्रितावर, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या कच्च्या छापील प्रतीवर, बोट फिरवी. पहिल्या वाचनात शब्द. दुसऱ्यात फक्त आकडे, आणि तेही शेवटच्या ओळीपासून वर, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा घसरत नाही.

नऊ वाजता सत्ताधाऱ्यांचा जाहीरनामा झाला. अकरा वाजता मालकांनी दुसरे कपाट उघडले आणि विरोधकांचा आणून ठेवला. शब्द वाचून झाले. वाचक बाईंनी शेवटच्या पानावरच्या खर्चाच्या तक्त्यावर पट्टी ठेवली.

"दवाखाने," त्या म्हणाल्या.

"अठ्ठेचाळीस कोटी," तो म्हणाला.

"अहो मास्तर, मला वाचू तर द्या! आधीच बघितलंत का?"

त्याचे बोट अजून कागदावर टेकलेही नव्हते. "पुढे वाचा."

"रस्ते."

"दोनशे बारा."

"शाळा."

"एकशे सत्तर."

बाईंनी पट्टी खाली ठेवली. सकाळचे मुद्रित अजून टेबलावरच होते. त्यांनी ते ओढून शेजारी मांडले आणि दोघे चौदा ओळी खालून वर चढत गेले. चौदाच्या चौदा आकडे सारखे. एकूण बेरीजही सारखी. फरक होता तो मथळ्यात. एकीकडे ठळक अक्षरांत 'भरघोस तरतूद', दुसरीकडे तेवढ्याच ठळक अक्षरांत 'कठोर काटकसर'.

"अगं बाई!" वाचक बाई कुजबुजल्या. "म्हणजे नवराही तोच आणि वऱ्हाडही तेच, नुसते फेटे बदललेत!"

त्याला हसू आले नाही. ज्या वादापायी त्याने भाऊ गमावला, तो वाद या पानांवर कुठेच नव्हता. पण त्याहून वाईट काहीतरी त्या शेवटच्या ओळीतून वर येत होते. अठ्ठेचाळीस. हा आकडा त्याच्या ओळखीचा होता, आणि केवळ आज सकाळपासून नव्हे.

तो उठून मागच्या खोलीत गेला. तिथे जुनी मुद्रिते सालवार बांधून ठेवलेली असत. पाच वर्षांपूर्वीचा गठ्ठा त्याने सोडला. सत्ताधाऱ्यांचा तेव्हाचा जाहीरनामा, शेवटचे पान. 'दवाखाने : ८४'. चौऱ्याऐंशीवर तांबडी रेघ, आणि समासात त्याच्याच टपोऱ्या हस्ताक्षरात : ४८.

मग सगळे आठवले. तक्त्याची बेरीज छत्तीसने जास्त भरत होती. पक्षाच्या कार्यालयाला फोन केला, तर तिकडचा माणूस वैतागून म्हणाला होता, 'मुखपृष्ठावर एकूण आकडा छापून झालाय, तो हलायचा नाही. तुम्हीच कुठूनतरी काढा नि जुळवा.' त्याने छत्तीस काढले ते शेवटच्या ओळीतून, कारण ती बेरजेच्या सर्वांत जवळ होती. दुसरे कारण नव्हते. नंतर कोणीतरी शहाणा माणूस तपासेलच, असे त्याने गृहीत धरले होते.

कोणी तपासले नव्हते. ताज्या जाहीरनाम्यात सत्ताधारी छाती फुगवून सांगत होते, 'मागील तक्त्यातील प्रत्येक आकडा आम्ही जसाच्या तसा अमलात आणला.' आणि विरोधकांनी तोच तक्ता उचलून त्याला काटकसर म्हटले होते.

त्याने दोन्ही कार्यालयांना फोन केले. दवाखान्यांचा आकडा चुकीचा वाटतो, एवढेच विचारले.

"मागच्या वेळी काय होतं?" पहिला म्हणाला. "तेच असू द्या."

"सरकारी कागदात काय आहे?" दुसरा म्हणाला. "तेच असू द्या. दवाखान्यांवर काही कोणी मत देत नाही हो!"

तो परत खुर्चीत येऊन बसला. वाचक बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्याला गोळ्यांच्या डबीतला तो रिकामा कप्पा दिसत होता. देशात असे किती कप्पे असतील, याचा हिशेब त्याने सुरू केला आणि लगेच सोडून दिला.

दोन्ही मुद्रितांवर 'छापण्यास योग्य' अशी सही करायची जागा होती. तिथे त्याने सही केली नाही. समासात सावकाश लिहिले : 'दवाखान्यांचा मूळ आकडा ८४. पाच वर्षांपूर्वी बेरीज जुळवण्यासाठी मी तो ४८ केला. त्याला दुसरा कोणताही आधार नाही.' खाली पूर्ण नाव आणि तारीख.

मालकांनी ते दोनदा वाचले. "मास्तर, निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमचे. हे कशाला अंगावर घेताय?"

"अंगाशी पाच वर्षांपूर्वीच आलंय."

"पक्ष म्हणतील तेच छापावं लागेल मला."

"छापा. पण या प्रती त्यांच्याकडे जाऊ द्यात. आणि एकेक नक्कल आपल्या कपाटांत राहू द्यात."

मालकांनी खिशातले पेन काढून सहीच्या जागी स्वतःची सही केली, आणि प्रती मात्र जशा होत्या तशा दोन्ही पक्षांच्या पाकिटांत घातल्या.

संध्याकाळी सहाला तो घरी आला. आईच्या दारावरून पुढे गेला आणि जिना चढू लागला. चौदावी पायरी थोडी ढिली होती. हे त्याला ठाऊक नव्हते.

दार दादानेच उघडले. त्याचा चेहरा पांढरा पडला. "आईला काही झालं का?"

"नाही. दादा, दवाखान्याचे दिवस कमी झाले ना, त्यात माझा हात आहे."

मग त्याने उंबऱ्यात उभ्यानेच छत्तीसची गोष्ट सांगितली. तेवढीच, आजच्या कागदांबद्दल काही नाही. दादा तोंड उघडे टाकून ऐकत होता. सकाळचा टोमणा पुन्हा मारायला याहून चांगली संधी नव्हती, पण तो आलाच नाही.

"आणि कोणी बघितलं नाही?" दादा अखेर म्हणाला. "एवढ्या मोठ्या सरकारात, एकानेही?"

"एकानेही नाही."

"आमच्यांनी नक्की पकडलं असतं."

धाकट्याने मान खाली घातली. "परवा दोन्ही जाहीरनामे बाहेर येतील. तुमचा घेऊन तू खाली ये. मी आमचा घेतो. शेवटच्या पानापासून वाचू."

दादाने त्याच्याकडे रोखून पाहिले. वहिनी मागे कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती.

"वहिनी, एक पांढरी द्याल?"

तिने अख्खी पट्टी त्याच्या हातावर ठेवली. तो खाली आला, आईला पाणी दिले, एक गोळी दिली, आणि उरलेल्या एकेक करून पुढच्या कप्प्यांत भरू लागला.