अनवाणी कपिलधार

"पोरीचं नाव झालं, तर कपिलधारच्या देवस्थानाला अनवाणी चालत जा. मी असो-नसो," आमचे मालक, कांचनचे वडील, म्हणाले होते.

दुष्काळात आम्ही चारा छावणीत होतो. कांचन तिथं गुरांपुढं नाचायची. टँकरच्या झुंबडीत तिचा पाय चाकाखाली गेला. नाच संपला, खाटेवर पडल्या पडल्या ती गायला लागली. मालक पुढच्याच साली ऊस तोडता तोडता वारले.

काल साखर कारखान्याचा हंगाम सुरू करायच्या मोळीपूजनात भोंग्यावर तिचं गाणं वाजलं. ती आता मुंबईला गाते; मी फोन करून तिला नवसाचं सांगितलं.

"आई, एवढं लांब कावून चालतीस? गाडी पाठवते."

"नवस तुझ्या बापाचा हाय, बाई. त्यांनी कधी गाडी पाहिली?"

ती रडली.

सकाळी तुळशीला पाणी घातलं, चपला दाराआड तिच्या जुन्या कुबडीजवळ ठेवल्या आणि निघाले.