निम्म्या भरतीचे दिवस

मित्रांनो, मी एक जुना डंपर आहे. दहा चाकांचा आणि एके काळी हिरवा. आता कोणत्या रंगाचा, हे माझं मलाही सांगता येत नाही. माझी गोष्ट सांगायला बसलो आहे खरा, पण आधीच कबूल करतो की मी फार गुणी वगैरे नव्हतो. मला एक खोड होती. कुणी "केवढा ओढतो बघ हा!" म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, म्हणजे लोखंडाला जेवढं चढू शकतं तेवढं.

जन्म कारखान्यातला. त्यातलं फारसं आठवत नाही. ठिणग्या आठवतात, आणि हौदा पाठीवर बसवला तेव्हा एकदम भारदस्त झाल्यासारखं वाटलं ते आठवतं. मग मला अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावर, कालिओ बंदरात आणलं. या बंदराची रीत अशी की हिवाळाभर सरोवर गोठतं आणि सगळं ठप्प होतं. एप्रिलमध्ये बर्फ फुटला की पहिली बोट येते आणि धक्क्यावर चुनखडीचे, खडीचे, वाळूचे डोंगर ओतून जाते. ते डोंगर गावोगावच्या रस्त्यांवर आणि पुलांवर पोचवायचे, हे आमचं काम. माझ्या पाठीवरून गेलेल्या दगडांवर आज कितीतरी लोक रोज चालतात. त्यांना ते ठाऊक नाही, पण मला आहे.

एकोणीस वर्षं मला एकाच माणसाने चालवलं. त्याचं नाव वायनो कांगास. बुटका, अबोल, जूनमध्येसुद्धा लोकरीची टोपी न काढणारा. रोज सकाळी हातोडीने माझं एकेक चाक ठोकून आवाज ऐकायचा, डॉक्टर छाती ठोकून बघतो तसा. दुपारची पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची जाड करंजी, तो माझ्या इंजिनावर ठेवून गरम करायचा. त्या वासाने माझे अर्धे श्रम हलके होत.

वायनोचा एक नियम होता आणि तो मला मुळीच आवडत नसे. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. वसंतात ती वरून वितळते, पण खालचा बर्फ तसाच राहतो आणि मधलं पाणी अडून बसतं. रस्ता वरून कोरडा दिसतो आणि आतून त्याची लापशी झालेली असते. म्हणून मे महिना अर्धा सरेपर्यंत रस्तोरस्ती पिवळ्या पाट्या लागतात : जड गाड्यांनी निम्मीच भरती न्यायची. बाकीचे ड्रायव्हर कुरकुर करत, कुणी कुणी डोळा चुकवून भरूनही नेत. वायनो मात्र पाटीच्या बाहेर जात नसे. वर दुसऱ्यांना झापायचा.

"रस्ता आजारी आहे," तो म्हणायचा. "आजाऱ्याच्या छातीवर बसत नाहीत."

धक्क्यावर लोडर चालवणारा क्लॅरेन्स बोद्री माझ्या हौद्यात सहाऐवजी तीनच बकेट, म्हणजे यंत्राच्या पंज्याने तीनदा, दगड टाकून थांबला, की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. निम्म्या भरतीत हौदा खडखडतो. सगळ्या गावाला कळतं की हा अर्धपोटी चालला आहे.

मग ते वर्ष आलं. सरोवर फुगलं होतं. कालिओपासून काही मैलांवर लाहती टोक आहे, पाण्यात घुसलेली जमिनीची जीभच म्हणा ना. तिथे अकरा घरं आणि बाहेर पडायला एकच रस्ता, तोही पाण्याला खेटून. शरदातल्या वादळांनी तो निम्मा खाऊन टाकला होता. रस्तेखात्याने सांगून टाकलं होतं की आता तुटला तर पुन्हा बांधणार नाही, लोकांनी दुसरीकडे राहायला जावं. त्या अकरा घरांपैकी एक वायनोच्या थोरल्या बहिणीचं, इंपीचं होतं. बापाने बांधलेलं घर. नवरा गेल्यापासून ती तिथे एकटी राहायची, आणि दुसरीकडे जा म्हणणाऱ्याला ती दारातूनच कॉफी पाजून परत पाठवायची.

लाटांचा मार अडवायला रस्त्याच्या कडेला पाण्यात टाकण्यासाठी नारळापासून कलिंगडापर्यंतच्या आकाराचे दगड मागवले गेले. ते पहिल्या बोटीने आले. आणि नेमक्या त्याच आठवड्यात पाट्या लागल्या. म्हणजे बघा, रस्ता वाचवायचा तर दगड न्यायला हवेत, आणि दगड नेले तर रस्ताच खचायचा.

सोमवारी आम्ही निम्म्या भरतीने सुरुवात केली. मंगळवारी सकाळी रेडिओवर सांगितलं की गुरुवारी संध्याकाळी ईशान्येचं मोठं वादळ येणार. वायनोने हातातली कॉफी न पिताच ओतून दिली. मला धक्क्यावर नेऊन लावलं.

"तीन ना?" क्लॅरेन्सने वरून विचारलं.

"सहा टाक."

क्लॅरेन्सने यंत्र बंद केलं. "कांगास, माझे कान वाजतायत का? सहा?"

"सहा म्हटलं ना."

"गेल्या वर्षी मी चौथी टाकली, तर तू मला वर चढवून हाताने दगड उतरवायला लावलेस. कंबर अजून दुखते माझी."

"इंपीचं घर आहे तिथे."

"म्हणून तर विचारतोय, बाबा."

"टाक, क्लॅरेन्स."

खोटं कशाला बोलू मित्रांनो, मला आनंद झाला. कित्येक महिन्यांनी पोटभर भरलो होतो. बंदराच्या फाटकातून निघताना मी हिंदकळलोसुद्धा नाही. वाटेत पाटी लागली. वायनोने तिच्याकडे पाहिलं नाही आणि मीही नाही.

इंपीच्या घराच्या दोनशे पावलं अलीकडे माझी उजवी मागची चाकं खाली गेली. आवाज फार मोठा झाला नाही. ओलं फडकं फाटावं तसा झाला. मी पाण्याच्या बाजूला कललो आणि आसापर्यंत रुतलो. ज्या रस्त्याला वाचवायला आलो होतो तो मीच मधोमध फोडला होता. वायनो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

इंपी आली. सत्तरीची, उंच, पायात नवऱ्याचे रबरी बूट, हातात फावडं.

"रस्ता वाचवायला आला होतास, वायनो, की पुरायला?"

वायनोने काच खाली केली.

"बोल ना. पाटी वाचता येत नाही का आता? माझा चष्मा देऊ?"

"मी घाबरलो, इंपी."

तिने फावडं चिखलात रोवलं. "घाबरलास ना, मग उतर खाली. आत बसून कुणाची भीती गेलेली नाही. कॉफी प्यायलास का?"

हौदा उचलून दगड ओतता येत नव्हते, तसं केलं असतं तर मी सरोवरातच आडवा झालो असतो. मग अकरा घरांतली माणसं आली, रांग लावली आणि एकेक दगड हातोहात उतरवून पाण्याच्या कडेला रचला. दिवस त्यातच गेला. आइनो सालमी नावाच्या म्हाताऱ्या लाकूडतोड्याने आपला ओंडके ओढायचा ट्रॅक्टर लावून मला मागे, बंदराच्या बाजूला खेचून काढलं. माझ्यामागे रस्त्याच्या रुंदीएवढा खड्डा राहिला. त्यावरून मी रिकामासुद्धा जाऊ शकलो नसतो, आणि उरलेले दगड टाकायचे होते ते त्याच्या पलीकडे.

बुधवारी सकाळी सगळे त्या खड्ड्याभोवती जमले.

"ओंडके आडवे टाकायचे," आइनो म्हणाला. "जंगलात आम्ही असाच रस्ता करायचो. पण ओंडके लांब हवेत, सीडारचे, ते पाण्यात कुजत नाहीत, आणि सुकलेले."

जळणाच्या राशी सगळ्यांकडे होत्या, पण ती हातभर लांबीची लाकडं. जंगलातून झाडं आणायची तर तिथे गुडघाभर चिखल. मग सगळ्यांनी एकाच ठिकाणी पाहिलं आणि पटकन नजरा वळवल्या. तिथे इंपीची सौना होती. सौना म्हणजे दगड तापवून वाफ घ्यायची लाकडी न्हाणी. ही मूळची फिनलंडची माणसं जमीन घेतली की घराच्या आधी ती बांधतात. घर होईपर्यंत तिथेच राहतात आणि त्यांची बाळंतपणंही तिथेच होतात. पुढे दर शनिवारी सगळं घर तिथे जमतं. ही सौना इंपी-वायनोच्या बापाने सीडारच्या लांब ओंडक्यांना कुऱ्हाडीने खाचा पाडून, एकही खिळा न ठोकता बांधली होती.

"चोरून कशाला बघताय?" इंपी म्हणाली. "माझ्याही डोक्यात तेच आहे."

"नाही," वायनो म्हणाला. "चूक मी केली. ती तुझ्या सौनेने भरून काढायची नाही. आपण दोघं तिथे जन्मलो, इंपी."

"ती पाडली म्हणून आपला जन्म काही रद्द होत नाही. आणि रस्ताच गेला तर शनिवारी मी ती कुणासाठी तापवू? पाणकोंबड्यांसाठी?"

तिने चुलीवरचे काळे दगड बादलीत भरून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. परत येऊन दाराच्या चौकटीवर तळवा टेकवून जरा वेळ उभी राहिली. मग बाजूला झाली आणि वेलदोड्याचा पाव कापायला गेली, कारण माणसं कामाला लागली होती आणि त्यांना खायला लागणार होतं.

दुपारपर्यंत पन्नासेक ओंडके खड्ड्यात आडवे बसले. वायनोने मला बंदरातून भरून आणलं, तीन बकेट. ओंडक्यांच्या कडेला येऊन थांबला, खाली उतरला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला टोपी काढताना पाहिलं.

"चालव," इंपी मागून म्हणाली. "दिवस थांबत नाही."

मी चढलो. ओंडके वाकले, त्यांच्यातून पाणी पिचकलं, पण त्यांनी मला उचलून धरलं. ज्या लाकडांच्या आत दोन लेकरांनी पहिला श्वास घेतला होता त्यांच्यावर मी माझी घाणेरडी चाकं ठेवली होती, आणि मला फार लाज वाटली. त्या दिवशी निम्मी भरती मला मुळीच हलकी लागली नाही.

एवढ्या खेपा आम्हा दोघांच्याने गुरुवारच्या आत होणार नव्हत्या. पण सौनेची बातमी क्लॅरेन्सला कळली होती आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. दोन तासांत आणखी चार डंपर मागून आले, त्यात दर वसंतात वायनोची टिंगल करणारेही होते. चारही जण तीन बकेट घेऊनच आले. गुरुवारी दुपारी शेवटचा दगड पडला, आणि संध्याकाळी वादळ आलं. मी इंपीच्या अंगणात उभा राहून लाटा दगडांवर आपटताना पाहिल्या. सकाळी कडेचं थोडं खडीकाम गेलेलं दिसलं. रस्ता होता. अकरा घरं होती.

पुढे मी बरीच वर्षं राबलो. मग नवे, मोठे डंपर आले, वायनो गेला, आणि मला लाहती टोकाच्या रस्त्याकडेला गवतात उभं करून ठेवलं. हौद्याला भोकं पडली आहेत, आरशामागे पाकोळ्यांनी घरटं केलं आहे. कुणी मला पुसत नाही आणि त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण मला राहून राहून आठवते ती त्याच वर्षीच्या मे महिन्यातली एक सकाळ.

वायनोने आपल्या रानातले सीडार तोडले, सोलले आणि नव्या सौनेसाठी माझ्यात भरले. लाकूड ते, दगडांपुढे त्याचं वजन ते काय! सगळं एकदम घेतलं असतं तरी तीन बकेटांएवढं भरलं नसतं. पण पाट्या अजून उतरल्या नव्हत्या. त्याने माझा हौदा निम्माच भरला.

इंपी पायरीवर उभी होती. तिने हौद्यात वाकून पाहिलं.

"बाकीची कुठे आहेत?"

"आणतो."

"अरे, लाकडं ही. एका खेपेत आली असती."

"आली असती," वायनो म्हणाला आणि उतरवून झाल्यावर मला पुन्हा बंदराच्या दिशेने वळवलं.

इंपी हसली नाही. आम्ही दिसेनासे होईपर्यंत पायरीवर उभी राहिली आणि दुसऱ्या खेपेला कॉफी घेऊन रस्त्यावर आली. मित्रांनो, तुमच्याही ओळखीत कुणी एका खेपेचं काम दोन खेपांत करत असेल, तर त्याला हसू नका. तो कधीतरी कुणाचा तरी रस्ता मोडून आलेला असतो.