दोन वाटांचा डबा

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. वय एकेचाळीस, केसांत पांढऱ्या तारा, पण दादाच्या मागून सहा वर्षांनी जन्माला आली ती मागेच राहिली. तीन वर्षांपूर्वी आईचं डावं अंग गेलं तेव्हा दादाने शहरात फोन करून सांगितलं, की तुझं काम काय, कुठेही बसून होतं, ये. ती कपड्यांच्या दोन बॅगा घेऊन आली. दोन महिन्यांचा हिशोब धरून. खड्ड्यात पाय घालणारा माणूस खोली कधी मोजत नाही.

काम कुठेही बसून होत होतं हे खरं, पण त्याला धड लाइन लागत होती. दूरच्या कुठल्या तरी हॉस्पिटलात डॉक्टर बोलायचा आणि समोरच्या पेशंटला ऐकू यायचं नाही. डॉक्टरचा आवाज इंटरनेटवरून धाकटीच्या कानात यायचा, ती तो शब्दाला शब्द टाइप करायची, आणि तिकडे पेशंटच्या पडद्यावर अक्षरं उमटायची. लाइन तुटली की अक्षरं जागच्या जागी थांबत. मग तो पेशंट डॉक्टरच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत बसे, काचेतल्या माशाकडे बघावं तसा.

असं दोनदा झालं होतं. एकदा चाऱ्याने लादलेला ट्रक रस्त्यावरची वायर ओढून घेऊन गेला. दुसऱ्यांदा कशाने झालं ते वायरलाच माहीत. कंपनीच्या सुपरवायझरबाई गोड बोलायच्या, आणि गोड बोलणारी माणसं चाकू धुऊन ठेवतात. तुमचं टायपिंग आमच्याकडे एक नंबर, त्या म्हणाल्या, पण नियम म्हणजे नियम. आता तिसऱ्यांदा तुटलं तर नाव कमी. आणि साठ दिवस न तुटता काढलेत तर कायम नोकरी.

कायम. धाकटी त्या रात्री तो शब्द घेऊनच झोपली.

दुसऱ्या दिवसापासून ती राउटरच्या मागे लागली. दोन वेगवेगळ्या लायनी घेणारा, एक मेली की दुसरीवर जाणारा. आठ दिवस वाचत होती. आईला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागे, नाहीतर कातडी फाटायची. मधल्या वेळात काम, काम संपलं की वाचन. वहिनीला या सगळ्याची भलतीच गंमत वाटे. शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "दोन-दोन लायनी लागतात हो हिला. आम्हाला एक नवरा पुरतो." लग्न न झालेल्या नणंदेला टोचायला वहिनीला सुई लागत नसे, तिची जीभच अणकुचीदार होती.

दुकानदाराने पहिल्याच झटक्याला आठ शिंगांचा एक चकचकीत राउटर काउंटरवर ठेवला. दोन्ही लायनी एकदम वापरतो, म्हणाला, डबल स्पीड. धाकटीने तो हातातही घेतला नाही. लायनी वाटून वापरल्या तर तिच्या कामाच्या सॉफ्टवेअरला एकच बाई दोन दारांतून आत येताना दिसायची, आणि ते तिला हाकलून द्यायचं. तिला एक चालती लाइन हवी होती आणि एक राखीव, पायात चप्पल घालून तयार बसलेली. तिने विचारलं, पहिली मेल्यावर दुसरी किती सेकंदांत उभी राहते?

"ताई, पिक्चर बघायचेत का रॉकेट उडवायचंय?" दुकानदार म्हणाला.

पण आतून त्याने एक काळा, जाड पत्र्याचा डबा आणला. ना शिंगं, ना चमक. मागे दोन वायरींची भोकं, बाजूला सिम घालायची फट, पुढे दोन दिवे. लाइन मिळाली की हिरवा, मिळेपर्यंत लाल आणि उघडझाप. तीन सेकंद, तो म्हणाला. तिने तोच घेतला.

दुसरी लाइन कुठली घ्यायची, हे केबलवाल्याने सांगितलं. हा माणूस वीस वर्षं खांबांवर चढून वाकडा झालेला, पण सल्ला सरळ द्यायचा. धाकटी दुसऱ्या कंपनीची केबल घ्यायला निघाली होती. त्याने तिला फाटकाशी नेलं आणि वर बोट दाखवलं. दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून आल्या होत्या. "एका फांदीला दोन झोपाळे बांधून काय उपयोग, ताई? फांदी गेली की दोन्ही गेले." मग ठरलं. एक लाइन खांबावरून, दुसरी सिमची. गच्चीवर अँटेना आणि तिचं तोंड टेकडीवरच्या टॉवरकडे. डब्याला इन्व्हर्टर. दुधाने पोळलेली बाई ताक फुंकत होती, आणि चांगलं फुंकत होती.

जुनं कनेक्शन बदलून नव्या केबलचा फॉर्म भरताना केबलवाल्याने विचारलं, नाव कुणाचं टाकू?

"दादाचं टाका," धाकटी म्हणाली. विचार असा केलाच नाही. त्या घरात मीटर दादाच्या नावावर, पाणी दादाच्या नावावर, गॅस दादाच्या नावावर. वडील गेल्यावर घरही त्याच्याच नावावर झालं, आणि नुसता कागद आहे, सही कर, म्हटल्यावर तिने सही केली होती. बाहेरून आत येणारी प्रत्येक गोष्ट दादाच्या नावाने उंबरा ओलांडे. सिमच्या वेळी तर अडचणच होती. तिच्या कागदांवर अजून शहरातला जुना पत्ता होता आणि तो बदलायला महिना लागणार होता. दादा स्वतः दुकानात आला, कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, अंगठा दिला. "माझ्या नावावर घे. आपण काय वेगळे आहोत का?" धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. मूर्ख बाई.

डबा पहिल्यांदा आईच्या खोलीत लावला, कारण अँटेनाची वायर तिथे सोयीने उतरायची. पण झटक्यानंतर आईची डावी पापणी पूर्ण मिटत नसे. दिवा लुकलुकला की डोळ्यात काडी घातल्यासारखं होतं, ती म्हणाली. धाकटीने तासाभरात भिंतीला भोक पाडून डबा आपल्या खोलीत नेला. तिथे तिने केबल स्वतःच्या हाताने वीस वेळा उपसली. वीसही वेळा डबा तीन सेकंदांत सिमवर गेला. एकविसाव्यांदा उपसली ती निव्वळ आनंदासाठी.

दिवस सरत गेले. वादळ झालं, खांबावरची वायर दोनदा तुटली, डब्याने सांभाळून घेतलं. तिकडे पेशंटला पत्ताही लागला नाही. पन्नासाव्या दिवशी आईची पाठ पुसताना धाकटीने तिला मनातलं सांगून टाकलं. अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. कायम झाले ना, की तुझ्यासाठी पूर्ण दिवसाची शिकलेली बाई ठेवणार. पगार मी देणार. मी शहरात दोन खोल्या घेईन आणि दर रविवारी येईन, नक्की. आईला बोलायला कष्ट पडत, शब्द तोंडाच्या एका बाजूने यायचे, पण डोकं लख्ख होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं."

अठ्ठावन्नाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला केबल गेली. हिरवा दिवा लाल झाला, तीन सेकंदांत दुसरा हिरवा झाला. धाकटीने डब्याकडे बघून मान हलवली, जुन्या नोकराला शाबासकी द्यावी तशी. कानात डॉक्टर बोलत होता. समोर कुणी बाई होती, रिपोर्ट घेऊन एकटीच आलेली. डॉक्टर हळू बोलत होता, माणूस चांगला असावा. धाकटीने टाइप केलं: घाबरू नका. गाठ आहे, पण ती

तिथे सिम गेलं.

दोन्ही दिवे लाल. उघडझाप, उघडझाप. धाकटीने डबा बंद करून चालू केला, सिम काढून पुसून घातलं, वायर दाबली. तिच्या स्वतःच्या फोनला घरात रेंज नव्हती. गच्चीच्या कोपऱ्यात एक काडी यायची, बोलण्यापुरती. ती जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढली. वाटेत सगळा वेळ तिला ती बाई दिसत होती, पडद्यावरच्या अर्ध्या वाक्यासमोर बसलेली.

गच्चीतून सिमच्या कंपनीला फोन लागला. पलीकडची पोरगी नम्र होती. हे कनेक्शन ग्राहकाच्या अर्जावरून आज बंद झालंय, मॅडम.

धाकटी म्हणाली, अहो, मीच ग्राहक.

"नाही मॅडम. तुम्ही वापरणाऱ्या. ग्राहक दुसरे आहेत."

केबलवाल्याने तर फोन उचलल्यावर आधी घसा खाकरला. चार दिवसांपूर्वीच दादांनी अर्ज दिला होता, म्हणाला. मला वाटलं ताईंना माहीत असेल. आणि धाकटीने गच्चीच्या कठड्याला धरून खाली बघितलं. खांब तपासला होता, टॉवर तपासला होता, वीज तपासली होती, सेकंद मोजले होते. दोन वाटा घेतल्या, एक खालून, एक वरून, आणि दोन्ही वाटांच्या तोंडाशी एकच माणूस बसवला होता. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या तोंडाने. काखेत कळसा होता आणि ती गावभर वळसे घालत होती.

सुपरवायझरबाईंचा फोन त्याच एका काडीवर आला. फार वाईट वाटतंय, त्या म्हणाल्या. ईमेल येईल. त्या पेशंटबाईंचं पुढे काय झालं, धाकटीने विचारलं, वाक्य पूर्ण कुणी केलं? ती माहिती आम्ही देत नाही, सुपरवायझरबाई म्हणाल्या.

दादा दुपारी जेवायला आला. धाकटीने विचारलं तेव्हा त्याने नाकारलंही नाही. लपवाछपवी करायला माणसाला थोडी भीती लागते, आणि धाकटीला भ्यावं असं त्या घरात कुणालाच कधी वाटलं नव्हतं. त्याने हात धुतले, नॅपकिनला पुसले. "माझ्या नावावर होतं, मी बंद केलं. आणि मला काय विचारतेस? आईला विचार." वहिनीने पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, बरंच झालं, डोळ्यांना आराम पडेल.

धाकटी आईच्या खोलीत गेली. आई डाव्या कुशीवर होती, खिडकीकडे तोंड. वळता येत नव्हतं, पण पावलं ओळखायची.

"मीच सांगितलं त्याला," आई म्हणाली.

धाकटीने तिच्या पाठीशी सरकलेली उशी सारखी केली.

"परकी बाई. माझ्या अंगाला." आईने श्वास घेतला. "तुझ्या हाताची सवय झालीय. तू गेलीस तर मी कुजेन."

"मी रविवारी येणार होते."

"आठवड्याला वार सात असतात," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, अगदी मायेने, जेवलीस का विचारलं.

धाकटीने घड्याळात बघितलं. दोन वाजत होते. कूस बदलायची वेळ. ती आपल्या खोलीत गेली, डबा वायरीसकट उचलला आणि आईच्या खोलीत आणून भिंतीच्या बाजूच्या स्टुलावर, तिच्या उशीपासून हातभर अंतरावर ठेवला. बटण दाबलं. मग एक हात आईच्या खांद्याखाली, एक कमरेखाली. तिने तिला उजव्या कुशीवर वळवलं, शिकवलं होतं अगदी तसं. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, चादरीची एकही चुणी राहू दिली नाही. चालता हात अंगाखाली गेला. न मिटणारा डोळा वर आला.

दोन्ही दिवे लाल. उघडझाप, उघडझाप. डबा खांब शोधत होता, टॉवर शोधत होता.

"तो बंद कर," आई म्हणाली.

"लाइन शोधतोय, आई. शोधू दे."

"धाकटे, डोळ्यात जातंय."

धाकटीने चादर तिच्या खांद्यापर्यंत ओढली. "दोन तासांनी येते," म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

आतून हाका येत राहिल्या, तोंडाच्या एका बाजूने, आधी तिच्या नावाने, मग दादाच्या. दादा जेवून कामावर गेला होता. वहिनी म्हणाली, आई बोलावतायत वाटतं. तिला माझ्या हाताची सवय आहे, धाकटी म्हणाली, आणि ताटावर बसली.

चार वाजता ती आत गेली. मिनिटभर आधी नाही, मिनिटभर नंतर नाही. आईची पाठ तपासली. कातडीवर एक डागही नव्हता.