सगळ्या गाठी सोड

हे मी लिहिणारच नव्हतो. मंगळू माझा दोस्त, आणि त्याची पँट यात येते. पण पँट वगळली तर गोष्टच उरत नाय.

त्याच्या बायकोला, रुपाला, वैशाखऱ्याहून मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात मीच गाडीतून आणली. पहिलं बाळंतपण. सोबतीला मालूमावशी. मावशी बाळंतपण करत नाय, ते नर्स करते. मावशी नुसती बाईजवळ असते. पाठ चोळते, चालवते, पाणी पाजते, भीती घालवते.

पण रुपाची भीती जाईना. घरात एक जरी गाठ बांधलेली राहिली तर पोर अडतं, हे सासूनं तिच्या डोक्यात घातलेलं. कळ आली की ती मुठी आवळून श्वासच धरायची. नर्स सांगून थकली.

मी नि मंगळू बाहेर होतो. मावशी दाराशी आली. "मंगळू, गाठी सोड रे."

"त्यानं काय होतं, मावशी?"

"पोराला काय नाय होत. तिच्या जिवाला होतं. सोड."

मी बुटाच्या लेस सोडल्या. मंगळूनं मनगटाचा काळा दोरा सोडला, पिशवी सोडली, मग ट्रॅकपँटची नाडी. इलॅस्टिक कधीच गेलेलं. एका हातानं पँट धरून त्यानं घरी भावाला फोन लावला. "शाम, घरी बांधलेलं हाय ते सगळं सोड. काय ठेवू नको."

थोड्या वेळानं शामचाच फोन. "सोडलं, दादा. पण बैल कमळूकाकाच्या वालाच्या शेतात घुसलेत."

"बैल कशाला सोडलेस?"

"तूच बोललास, काय ठेवू नको. काका दांडका घेऊन आलाय. तुझ्याशी बोलायचंय त्याला."

मावशीनं फोन हिसकला, स्पीकर लावला नि आत रुपाच्या कानाशी नेला. काका मंगळूच्या सात पिढ्या काढत होता. आतून रुपाचं हसू आलं. मग रडणं, मग परत हसू.

"अशीच गो," मावशी म्हणाली. "आता मूठ सोड. श्वास सोड."

नर्सनं फोन बाहेर धाडला. काका अजून चालूच.

मुलगी झाली. नर्सनं बापाला बोलावलं. मंगळूनं दोन्ही हात पुढं केले. पँट मी मागून धरली.

मावशीला सापगावात दुसऱ्या बाईकडं जायचं होतं. "आता तू बस हिच्याजवळ," ती मंगळूला म्हणाली. "एकटी ठेवू नको."

मंगळूनं मला कोपऱ्यात ओढलं. "मी काय करू रे आत? आणि बैल?"

"मावशी करत होती ते कर. पाठ चोळ, पाणी दे. बैल मी आणतो, काकाच्या शिव्या पण मीच खातो. शब्द देतो. तू फक्त हिथून हलू नको."